गेमच्या संगीतावर लिहायला संगीताचा माणूस पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमसाठी लिहिलेल्या ऑर्केस्ट्रा संगीतावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि त्यानंतर चार दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितेय. लेखकाचं म्हणणं असं की हे संगीत म्हणजे सिनेमाच्या संगीताची नक्कल आहे, त्यात एकच तुकडा गोल गोल फिरत राहतो (त्यालाच लूप म्हणतात) त्यामुळे रचना अशी काही नसतेच, आणि कॉन्सर्टला जी तरुण मुलं गर्दी करतात ती लहानपणीच्या आठवणींसाठी येतात, सुरांसाठी नाही. तिन्ही मुद्द्यांत थोडं थोडं खरं आहे. पण जेवढं खरं आहे त्याच्या पुढे लेखक गेलेच नाहीत, आणि संगीत आत बसून वाजवणाऱ्या माणसाला ते खटकतं.

मी बावीस वर्षं हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतेय. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, खालच्या पट्टीचा, आणि ज्याला बहुतेक वेळा कुणी मुद्दाम ऐकत नाही असा. पण कुठल्याही संगीतकाराला लिहिता येतं का नाही हे बघायची सगळ्यात चांगली जागा तीच आहे असं माझं पक्कं मत झालंय, कारण वरची चाल कुणालाही सुचू शकते, मधल्या आवाजांना काय दिलंय त्यावरून माणूस कळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या स्टँडवर पहिल्यांदा गेमच्या संगीताचा पार्ट (म्हणजे आमच्या वाद्याची लिहिलेली ओळ) आला, ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेमचा स्वीट, म्हणजे एकामागून एक वाजवायच्या छोट्या रचनांचा संच, आणि खरं सांगते मला वाटलं होतं की आता संध्याकाळभर लांब लांब एकेक सूर धरून बसायचं. तसं झालं नाही. त्यातलं किल्ल्याचं जे संगीत आहे ते बरोक वळणाचं, फक्त तंतुवाद्यांचं, आणि त्यात आम्हाला स्वतःची ओळ होती, दुसऱ्या व्हायोलिनशी बोलणारी, तिला उत्तर देणारी. रिहर्सल संपल्यावर मी आणि माझी स्टँड पार्टनर पार्ट हातात घेऊन तसंच बसून राहिलो होतो.

मग मी शोधत गेले की हे असं कसं काय. कोइची सुगियामा यांनी १९८६ मध्ये पहिल्या ड्रॅगन क्वेस्टचं संगीत केलं तेव्हा ते ५५ वर्षांचे होते, टीव्ही आणि जाहिरातींमध्ये मुरलेले संगीतकार. समोर काय होतं तर निन्टेंडोचं फॅमिकॉम हे गेम खेळायचं यंत्र, ज्यात दोन पल्स आवाज, एक ट्रँगल आवाज (बेससाठी बहुतेक), एक नुसता खरखराट आणि रेकॉर्ड केलेल्या अगदी छोट्या आवाजांसाठी एक चॅनल, बस एवढंच. आणि त्यातही तलवारीचा आवाज आला की तो एखादा चॅनल तेवढ्यापुरता पळवून नेणार. म्हणजे अख्खी हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) दोन-तीन ओळींमधून उभी करायची, एकेका सुराला दोन-दोन कामं द्यायची. इतक्या अडचणीच्या जागेत भरताड लिहायची सोयच नसते. ज्यांनी दोन आवाजांचं काउंटरपॉइंट (दोन स्वतंत्र चाली एकमेकींशी जुळवून लिहिणं) शिकताना कधी घाम गाळलाय त्यांना हे लगेच कळेल. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८७ च्या ऑगस्टमध्ये, टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये हेच संगीत खऱ्या वादकांनी वाजवलं. म्हणजे हे काही कुठलं कालपरवाचं फॅड नाहीये, गेमचं संगीत कॉन्सर्ट हॉलमध्ये येऊन जवळजवळ चाळीस वर्षं होत आली. युरोपात ते जरा उशिरा पोचलं, २००३ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये जपानबाहेरचा असा पहिला कार्यक्रम झाला.

आता नक्कल म्हणाल तर त्यावर मी फार वेळ घालवत नाही. हो, पुष्कळ गेम्स हॉलिवूडसारखेच वाजतात. पण वाट एकाच दिशेने जात नाही. मायकल जियाकिनो यांनी १९९७ मध्ये डायनोसॉरच्या एका गेमला खरा ऑर्केस्ट्रा वापरून संगीत दिलं, मग १९९९ मध्ये मेडल ऑफ ऑनरला, आणि ऑस्कर त्यांना मिळालं त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, सिनेमासाठी. शिकले कुठे तर गेममध्ये. आणि "दुसऱ्या कशासाठी तरी लिहिलेलं संगीत ते खालचं" हा निकष लावायचा ठरवला तर आम्हाला निम्मे कार्यक्रम बंद करावे लागतील. ग्रीगचं पेअर गिंट १८७६ मध्ये नाटकाला साथ म्हणून आलं. चायकोव्स्कीचं बॅले संगीत नाचणाऱ्यांना हव्या तेवढ्या बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) बसवलेलं आहे. वॉन विल्यम्स यांनी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरच्या सिनेमाला १९४८ मध्ये संगीत दिलं आणि त्याच साहित्यातून आपली सातवी सिम्फनी उभी केली. या सगळ्यांना आपण मान देतो, मग पडद्यासमोरच्या माणसाच्या हातात कंट्रोलर आला की एकदम काय बिघडतं?

उलट माझ्या मते कंट्रोलर हातात येतो तिथेच खरा अवघड आणि खरा मजेचा भाग सुरू होतो, आणि लेखात त्याचा एका वाक्यानेही उल्लेख नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, जागेची अडचण असेल तर बाकीचं कापा पण हे राहू द्या.

सिनेमाच्या संगीतकाराला कापून तयार झालेलं दृश्य मिळतं. बाराव्या सेकंदाला दार उघडणार म्हणजे बाराव्यालाच उघडणार, दर शोला, जगात सगळीकडे. गेमच्या संगीतकाराला हे सुख नाही. खेळणारा त्या दारापाशी तीन सेकंदांत पोचेल नाहीतर चाळीस मिनिटं अंगणात फुलं बघत हिंडेल, लढाई एका फटक्यात संपवेल नाहीतर सतरा वेळा मरेल, आणि या प्रत्येक माणसाला असं वाटलं पाहिजे की संगीत आपल्याबरोबर चाललंय. म्हणजे लिहायचं कुणासाठी तर अशा श्रोत्यासाठी ज्याची वेळ आपल्याला माहीतच नाही. शेकडो वर्षं संगीतकाराच्या हातात एक गोष्ट पक्की होती, की कशानंतर काय आणि कधी येणार हे मी ठरवणार. तीच इथे हातातून गेली. मला तरी हा फार मोठा प्रश्न वाटतो आणि तो सोडवायचे जे प्रयत्न झालेत ते संगीताच्या इतिहासात नोंद घेण्यासारखे आहेत.

अगदी साधा प्रयत्न बघायचा तर १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स. चारच सूर, खाली उतरत जाणारे, परत परत. शत्रू जसे कमी होतात तशी ती चार सुरांची लय वाढत जाते आणि छाती धडधडायला लागते. चार सूर! लय कोण वाढवतंय तर खेळणाराच, एकेक शत्रू उडवून. मग १९९१ मध्ये लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूझ नावाची पद्धत काढली आणि मंकी आयलंडच्या दुसऱ्या भागात वापरली, त्यात तुम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलात की गाणं तुटत नाही, योग्य जागा बघून, बार संपता संपता दुसऱ्या गाण्यात वळतं, वाद्यं बदलतात पण ताल सुटत नाही. आज ऑर्केस्ट्रा खरा असला तरी मूळ विचार तोच आहे. एकतर छोटे छोटे तुकडे लिहायचे आणि कुठूनही कुठेही जाता येईल असे जोड त्यांना ठेवायचे, नाहीतर तंतुवाद्यं, ब्रास (पितळी फुंकवाद्यं), तालवाद्यं असे थर वेगळे करायचे, सगळे एकाच टेम्पोत एकाच वेळी चालू ठेवायचे आणि धोका वाढला की एकेक थर वर आणायचा. ऐकायला सोपं वाटतं पण लिहून बघा. प्रत्येक थर एकटा वाजला तरी उभा राहिला पाहिजे आणि सगळे मिळून वाजले तरी गर्दी होता कामा नये.

आणि ज्या लूपला लेखक नावं ठेवतात त्या लूपचंही तसंच आहे. शेवटच्या बारमधून पहिल्या बारमध्ये असं जायचं की सांधा कळू नये. सम तर आली पाहिजे, पण ती आली की ऐकणाऱ्याला "संपलं" असं वाटता कामा नये, म्हणजे ठाशीव कॅडेन्स (शेवट झाल्यासारखा विराम) टाळायचा, हार्मनी थोडी लोंबकळत ठेवायची आणि तरीही ती अर्धवट वाटू द्यायची नाही. चाल लक्षात राहण्याजोगी हवी पण चाळिसाव्यांदा ऐकताना टोचू नये. मी हे एकदा स्वतः करून बघितलं, घरीच, सोळा बारचं, आणि तिसऱ्या फेरीला मलाच ऐकवेना.

शॅडो ऑफ द कोलोसस म्हणून २००५ चा गेम आहे, संगीत को ओतानी यांचं. त्यात रिकाम्या माळरानातून घोड्यावरून मैलोन् मैल जाताना संगीत नसतंच, वारा आणि टापा एवढंच. मग तो राक्षस दिसतो तेव्हा ऑर्केस्ट्रा दबकत सुरू होतो, आणि तुम्ही त्याच्या अंगावर चढायला यशस्वी झालात की त्या क्षणी संगीत बदलून वीरश्रीचं होतं. कुठल्या क्षणी ते तुमच्या हातावर. आणि आधीची ती लांबलचक शांतता नसती तर त्या ब्रासला अर्धीही ताकद आली नसती, शांतता लिहायचं धाडस किती संगीतकार करतात हो?

यात नवं काहीच नाही असंही नाही आणि सगळंच नवं आहे असंही नाही. १९५६ मध्ये स्टॉकहाउझेन यांनी पियानोसाठी एक रचना केली, एका मोठ्या कागदावर १९ तुकडे, वादकाची नजर ज्या तुकड्यावर पडेल तो वाजवायचा, मग पुढचा. त्यावर आजही व्याख्यानं होतात, पुस्तकं निघतात, निघावीतच. पण क्रम वादकाने ठरवला तर ती प्रयोगशीलता, आणि क्रम खेळणाऱ्याने ठरवला तर ती करमणूक, ही फूटपट्टी मला समजलेली नाही. शिवाय फायनल फँटसी या जपानी गेम मालिकेचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांचं उदाहरण आहे. तिच्या सातव्या भागातल्या (१९९७) शेवटच्या लढाईचं जे कोरसवालं संगीत आहे ते त्यांनी आधी सुटे सुटे तुकडे सुचतील तसे लिहून मग जुळवत जुळवत बनवलं असं त्यांनीच सांगितलंय, आणि स्ट्राविन्स्कीचा प्रभावही मोकळेपणाने मान्य केलाय. संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेला, स्वतः शिकलेला माणूस. त्या रचनेत खडबडीतपणा आहे, जोड दिसतात, आणि मला ते जोड आवडतात.

आता दुसरी बाजू. लेखकांनी बरीच टीका केली पण खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलंच नाही असं मला वाटतं.

पहिलं म्हणजे हे थर वेगळे करायचे म्हणून पुष्कळदा वादकांचे गट वेगवेगळे रेकॉर्ड करतात, आधी तंतुवाद्यं, मग ब्रास दुसऱ्या सेशनला. सोय आहे, गेमला तसंच लागतं, मान्य. पण आम्ही वाजवताना एकमेकांना ऐकून वाजवतो, हॉर्न जरा फुलला की आम्ही आपोआप गज जरा जास्त टेकवतो, तो श्वास एकत्र असतो. कानात क्लिक (ताल देणारी टकटक) घेऊन अर्धा ऑर्केस्ट्रा गैरहजर असताना वाजवलं की सूर बरोबर लागतात पण तो श्वास जातो. बऱ्याच मोठ्या खर्चाच्या गेम्समध्ये मला हे ऐकू येतं. दुसरं म्हणजे "भव्य" वाटावं याचा सोस. पहिल्या मिनिटापासून ढोल, लॅटिनसारखं काहीतरी ओरडणारा कोरस, सगळे हॉर्न पूर्ण जोरात, आणि व्हायोलाला तीन मिनिटं तेच ते भराभर वाजवायचे छोटे सूर. वर जायला जागाच ठेवलेली नसते. आणि सगळे जण त्याच त्या रेकॉर्डेड सॅम्पल्सच्या लायब्ररी वापरून डेमो करतात, मग खरा ऑर्केस्ट्रा आला तरी लिहिलेलं असतं ते सॅम्पलला जे चांगलं जमतं तेच, म्हणून दहा गेम एकसारखे ऐकू येतात.

पण कोरस म्हटला की तो असाच असतो असं मात्र कुणी समजू नये. ऑस्टिन विंटोरी यांनी जर्नी या गेमच्या शेवटच्या गाण्यात शब्द घेतले ते इलियडमधून, एनीडमधून, बेओवुल्फमधून, बाशोच्या ओळींमधून, आणि जोन ऑफ आर्कच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या वाक्यामधून. पाच भाषा, एका आवाजात. तो गेम अवघा दोनेक तासांचा आणि त्यावर त्यांनी तीन वर्षं काम केलं, सुरुवातीला एकटा चेलो, तो चेलो म्हणजे खेळणारा, आणि बाकीचा ऑर्केस्ट्रा त्याच्याभोवती हळूहळू जमत जातो. २०१२ च्या त्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, सिनेमांच्या रांगेत बसून, गेमच्या संगीताला त्या गटात पहिल्यांदाच. त्याच्या आधी २०११ मध्ये क्रिस्टोफर टिन यांना सिव्हिलायझेशनच्या चौथ्या भागातल्या स्वाहिली प्रार्थनेसाठी ग्रॅमी मिळालं होतं. २०२३ पासून गेम्सचा वेगळा गटच आहे, पहिलं बक्षीस स्टेफनी इकोनोमू यांना. वेगळा गट झाला याचा मला आनंद आहे पण थोडी काळजीही वाटते, वेगळं पान दिलं की बाकीचे ते पान उलटून पुढे जातात.

तिसरं दुखणं आम्हा कॉन्सर्टवाल्यांचं. सात मिनिटांत सहा चाली, प्रत्येकीला मिनिटभर, मध्ये झांज वाजवून पट्टी बदलायची की झाला स्वीट. ज्या चालीचं गेममध्ये तासभर नातं जुळलेलं असतं ती अशी येऊन जाते आणि लोक ओळखीची म्हणून टाळ्या वाजवतात. इथे लेखकांचा आठवणींचा मुद्दा मी शंभर टक्के मानते. २०१३ मध्ये ब्रिटनच्या क्लासिक एफएमच्या श्रोत्यांच्या मतदानात फायनल फँटसी तिसऱ्या नंबरवर आलं होतं, त्यामागे चाहत्यांनी मोहीम चालवली होती हेही खरं. पण आठवणींवर न जगणारं कामही झालंय. त्याच २०१३ साली जर्मनीतल्या वुपरटालला आणि मग लंडनमध्ये फायनल सिम्फनी नावाचा कार्यक्रम झाला, त्यात फायनल फँटसीच्या सातव्या भागाच्या चालींवर यॉने वाल्तोनेन यांनी तीन भागांची सिम्फनी बांधली, मासाशी हामाउझू यांनी दहाव्या भागावर पियानो कॉन्चर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना. चाली फुटतात, उलटतात, एकमेकींत शिरतात, ज्याला विकास म्हणतात तो पूर्ण आहे. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते नंतर रेकॉर्डही केलं. लेखकांना लूप नको असेल तर त्यांनी हे ऐकायला हवं होतं.

आणि मी स्वतः, सांगायचं राहिलंच, वर ज्यांची नावं घेतली त्यातले बहुतेक गेम कधी खेळलेलीच नाहीये. लहानपणी आमच्याकडे असलं काही नव्हतं. त्यामुळे माझ्या आठवणी जाग्या होतात म्हणून मला हे आवडतं असं कुणी म्हणू शकत नाही. आमचा बसून (खर्जाचं लाकडी फुंकवाद्य) वाजवणारा, वय सत्तरच्या पुढे, कंट्रोलर कसा धरतात हेही त्याला माहीत नाही, तो जर्नीचा चेलो ऐकून म्हणाला की हे परत लाव. मी परत लावलं. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

माझी तक्रार शेवटी तुमच्या पानाबद्दल आहे, रागावू नका. अशा कार्यक्रमांबद्दल छापून येतं ते एकतर गॅजेट्सच्या पानावर नाहीतर तरुणाईच्या पानावर, आणि त्यात असतं काय तर मुलं कसले पोशाख घालून आली होती, लाइट्स कसे होते, रांग किती लांब होती. हॉर्न कसे वाजले? टेम्पो पडद्यावरच्या व्हिडिओला बांधलेला असल्यामुळे कंडक्टरचे हात बांधले गेले होते का? स्वीट नीट रचलेला होता की नुसता जोडलेला? माइक लावून वाजवलं त्याने तंतुवाद्यांचा आवाज पातळ झाला का? याबद्दल एक ओळ नसते. बीबीसीच्या प्रॉम्समध्ये २०२२ साली रॉयल फिलहार्मोनिकने अख्खी एक संध्याकाळ गेमच्या संगीताला दिली, त्याच महोत्सवात जिथे बाकीच्या रात्री ब्रूकनर आणि माहलर वाजतात. समीक्षाही त्याच कानाने व्हायला हवी. कौतुक करा असं मी म्हणत नाहीये, झोडपा, पण ब्रूकनरला झोडपता तसं, स्कोअर समजून घेऊन.

लेखकांना माझी विनंती एवढीच आहे की जर्नी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पडद्याशिवाय ऐकावं, तासाभराचं काम आहे, आणि मग शक्य असेल तर कुणा खेळणाऱ्याच्या शेजारी बसून पुन्हा ऐकावं, तोच चेलो प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी कसा येतो ते बघावं. त्यानंतरही आवडलं नाही तर का आवडलं नाही ते सूर, लय, बांधणी या भाषेत लिहावं. तो लेख तुम्ही छापलात तर मी रिहर्सलला नेईन आणि आमच्या सगळ्या व्हायोलांना वाचून दाखवीन.

आपली,
एक हौशी व्हायोलावादक